कोऱ्या जागेची मालकी

संगणकावर लिहिणाऱ्याला हल्ली एक सेवक न मागता मिळतो. आपण एक ओळ संपवून एंटर दाबतो, आणि पुढची ओळ किती आत घ्यावयाची हे तो परस्पर ठरवतो. आपण लिहिलेले त्याला वेडेवाकडे वाटले तर एका आज्ञेसरशी सगळ्या ओळी रांगेत उभ्या करतो. या सोयीला स्वयंचलित इंडेंट म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत तिचे कौतुक एवढे आहे, की तिच्याविरुद्ध बोलणारा मागासलेला ठरतो. आम्ही तिच्याविरुद्धच बोलणार आहोत. साहित्याच्या पानावर हा विषय का, असे वाचकाला वाटेल; त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे. हा प्रश्न मुळात आपलाच होता आणि तो आपण सोडून दिला म्हणून यंत्राने उचलला, असे आमचे मत आहे.

आधी घडलेले सांगतो. आम्ही काही जण, निम्मे बारामतीचे आणि निम्मे इंदापूरचे, सगळे मराठी शिकवणारे किंवा शिकणारे, वर्गात वापरण्यासाठी एक छोटे पुस्तक सिद्ध करीत होतो. पूर्वार्धात मोरोपंतांच्या निवडक आर्या आणि उत्तरार्धात मुक्तच्छंदातील काही आधुनिक कविता, असा बेत होता. मजकूर साध्या फाइलींत ठेवला होता. त्या फाइलींपासून पान लावणे, सूची करणे, सगळे एकत्र बांधणे या पायऱ्या एका वेगळ्या फाइलीत लिहिल्या होत्या. अशा फाइलीला बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. आमची 'मेक' नावाच्या उपकरणासाठी होती, म्हणून तिचे नाव मेकफाइल.

मेकफाइलीची रचना सोपी आहे. समासाला लागून असलेल्या ओळीत काय तयार करावयाचे आणि कशापासून, हे लिहावयाचे. तिच्याखाली, आत घेतलेल्या ओळींत, ते कसे करावयाचे याच्या आज्ञा. मात्र ही 'आत घेतलेली' ओळ टॅब या एकाच चिन्हाने सुरू झाली पाहिजे. टॅब डोळ्यांना कोरी जागा दिसतो. त्याच्या ठिकाणी आठ मोकळी अंतरे टाकली तरी पान तसेच दिसते. मेकला मात्र हा फरक सर्वस्वाचा आहे. टॅब असेल तर ओळ आज्ञा असते. नसेल तर ती दुसरेच काहीतरी असते.

एका संध्याकाळी आमच्यातील एकाने, अत्यंत सद्‌हेतूने, त्या सगळ्या फाइली एडिटरमध्ये उघडल्या आणि 'नीट लाव' अशा अर्थाची आज्ञा दिली. एडिटरने सगळे नीट लावले. मेकफाइलीतील टॅब जाऊन तेथे अंतरे आली. कवितांच्या फाइलींत ओळींच्या आधी जी अंतरे होती ती निरर्थक समजून पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी मेकने काम नाकारले. अमुक ओळीत 'मिसिंग सेपरेटर', म्हणजे दुभाजक हरवला आहे, एवढे सांगून ते थांबले. मेकची जी आवृत्ती सर्वत्र वापरली जाते ती आणखी सौजन्याने विचारते, की तुम्हाला आठ अंतरांऐवजी टॅब तर अभिप्रेत नव्हता? आम्ही टॅब परत टाकले आणि दहा मिनिटांत पुढे गेलो. पण एक ओळ निसटली. तिच्यात योगायोगाने बरोबरीचे चिन्ह होते. टॅब नसलेल्या आणि बरोबरीचे चिन्ह असलेल्या ओळीला मेक आज्ञा मानत नाही, एका नावाची व्याख्या मानू शकते. त्यामुळे तक्रार झाली नाही. सूची करण्याची पायरी तेवढी झालीच नाही. ते पुस्तक हाती आल्यावर कळले.

खरा अपराध याहून पुढचा आहे. कवितांच्या बाबतीत कोणीच ओरडले नाही. मेकला कविता कळत नाही आणि आम्हाला ती कळते असा आमचा समज होता. एका हयात कवीची एक कविता, जिच्यात काही ओळी पानाच्या मध्यापर्यंत सरकलेल्या होत्या, डाव्या समासाला चिकटून भिंतीसारखी छापली गेली. प्रती वाटल्या. एक सत्रभर ती तशीच शिकवली गेली. एवढेच नव्हे, आमच्यातील एका प्राध्यापकांनी त्या कवितेच्या 'सपाट, एकसुरी, कोंडलेल्या मांडणी'वर एक तास व्याख्यान दिले आणि त्या मांडणीतून नागर जीवनाचा कंटाळा कसा व्यक्त होतो हे सप्रमाण दाखवले. मूळ संग्रह ग्रंथालयात एका विद्यार्थिनीच्या हाती लागला आणि तिने दोन्ही पाने शेजारी ठेवली, तेव्हा सगळ्यांना कळले, की तो तास एडिटरच्या सौंदर्यदृष्टीवर झाला होता.

या प्रकारावर आम्हाला दोन ठिकाणांहून सल्ला मिळाला, आणि दोन्ही सल्ले आम्हाला अमान्य आहेत.

पहिला सल्ला संगणक जाणणाऱ्यांचा. ते म्हणतात, चूक मेकची आहे. न दिसणाऱ्या चिन्हावर अर्थ टांगणे हीच मुळात वाईट रचना. यात तथ्य आहे. मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिले. टॅबचा नियम त्यांनी सोय म्हणून केला. तो बदलावा असे वाटेपर्यंत डझनभर लोक, बहुतेक मित्रच, ते उपकरण वापरू लागले होते. त्यांची घडी मोडू नये म्हणून नियम राहू दिला, असे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे. बारा जणांच्या सोयीसाठी राखलेला नियम पुढे अर्धशतक जगाने पाळला. २०१० च्या आवृत्तीत टॅबऐवजी दुसरे चिन्ह नेमण्याची मुभा मिळाली, पण सवय सुटली नाही. हे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतो. रचना सदोष असेल तर रचना बदलावी. पण जोवर ती आहे तोवर तिच्यातील कोरी जागा हा मजकूर आहे, आणि मजकूर लेखकाला न विचारता बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही. शब्द बदलणाऱ्या संपादकाशी आपण भांडतो. अंतर बदलणाऱ्याचे मात्र आभार मानतो.

दुसरा सल्ला आमच्याच गोटातील. ते म्हणतात, एवढे काय झाले? शब्द तर सगळे शाबूत आहेत ना? कविता शब्दांत असते. आपल्या जुन्या पोथ्यांत तर दोन शब्दांतही जागा सोडत नसत. तरी काव्य टिकलेच की. हा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो अर्धा खरा आहे. त्याचा खरा अर्धा समजून घेण्यासाठी बारामतीपासून दूर जाण्याचे कारण नाही.

पन्हाळगडावर १७२९ साली जन्मलेले, बारामतीस नाइकांच्या आश्रयाने राहिलेले आणि तेथेच १७९४ साली निवर्तलेले मोरोपंत ज्या काळात लिहीत होते त्या काळाची पोथी आठवावी. आडवी सुटी पाने, अक्षराला अक्षर लागून, कडव्याच्या शेवटी दंड आणि आकडा. ओळ कागद संपतो तेथे संपते, पद्य संपते तेथे नव्हे. ओळ आत घेणे हा प्रकारच नाही. असे असूनही मोरोपंतांची आर्या त्या सलग मजकुरातून हरवत नाही. कारण तिची घडण तिच्या आत आहे. पहिल्या चरणात १२ मात्रा, दुसऱ्यात १८, पुन्हा १२, पुन्हा १८ (शास्त्रकार याला गीती म्हणतात, मराठीने त्याला आर्याच म्हटले), आणि अर्ध्यांच्या शेवटी यमक. ज्याला लघु-गुरू कळतात तो मात्रा मोजत जाईल आणि चरण कोठे तुटतो ते नेमके सांगेल. आमच्या पुस्तकाच्या पूर्वार्धात एडिटरने तोच धुमाकूळ घातला होता. आर्यांच्या दुसऱ्या ओळी आम्ही शोभेसाठी आत घेतल्या होत्या, त्या समासाला आल्या. एका आर्येचेही वाकडे झाले नाही. ज्याने ओठांचा उपयोग न करता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचले, त्याची रचना कोऱ्या जागेच्या दयेवर कशी असेल?

संगणकाच्या भाषांतही ही जात आहे. सी किंवा जावा या भाषांत एक खंड कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे महिरपी कंस सांगतात. ओळी कशाही सरकवा, कंस जागेवर असले की अर्थ जागेवर. अशा मजकुराला यंत्राने खुशाल रांगेत लावावे. २००९ साली आलेल्या गो या भाषेबरोबर तर असे एक साधनच मिळते, आणि त्यामुळे मांडणीविषयीची निष्फळ भांडणे मिटली हे आम्ही आनंदाने मान्य करतो. आर्येचे आणि महिरपी कंसाचे नाते हे असे आहे.

पण दुसरी जात आहे, आणि आक्षेपाचा खोटा अर्धा तेथे उघडा पडतो. या जातीत घडण कोऱ्या जागेवर सोपवलेली असते. मेकफाइल त्यातली. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा त्यातली: तिच्यात ओळ किती आत आहे यावरच ती कोणत्या खंडात मोडते हे ठरते, कंसाचा आधार नाही. एखादी ओळ चार अंतरे डावीकडे आली तर जे काम शंभरदा व्हावयाचे ते एकदाच होते, आणि दोन्ही वाचने व्याकरणाने शुद्ध असतात. कोणते लेखकाला हवे होते हे जगातील कोणताही नियम सांगू शकत नाही, कारण ती माहिती फक्त त्या चार अंतरांत होती. मुक्तच्छंदही याच जातीचा. अनिलांनी मराठी कवितेला छंदाच्या मोजणीतून सोडवले तेव्हा त्या मोजणीचे काम ओळीवर आले. ओळ कोठे तोडावी, किती आत घ्यावी, किती वेळ गप्प बसावे, हे सांगण्यास मात्रा उरल्या नव्हत्या. कोरी जागा उरली होती. अरुण कोलटकर हे व्यवसायाने ग्राफिक कलावंत होते. अशा कवीला पानाचे पांढरेपण दिसत नसेल असे समजणे ही आपल्याच दृष्टीची कबुली आहे. म्हणून पोथीचा दाखला मुक्तच्छंदाला लागू करणे म्हणजे कंस नसलेल्या भाषेला कंसवाल्या भाषेचा नियम लावणे होय.

आणि ही दुसरी जात परदेशातून आलेली नाही. आपल्या पेढ्यांवरची जुनी कीर्द आठवावी. रेघा आखलेल्या नसत. लांब कागदाला घड्या घालून सळ पाडत आणि तेच रकाने मानत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. प्रत्येक बाजूच्या पहिल्या रकान्यात रक्कम, आणि आत सरकून पुढच्या रकान्यांत तिचा तपशील. तोच आकडा पहिल्या घडीत असेल तर बेरजेत धरावयाचा, आतल्या घडीत असेल तर तो वरच्या रकमेपैकी. एक घडी चुकली तर दुकानाचे दिवाळे कागदावर निघे. कारकुनाला कोणी 'मोकळी जागा शोभेची असते' असे सांगितले असते तर त्याने त्याला गादीवरून उठवले असते. मराठीने या आत असण्यासाठी एक शब्दही सिद्ध ठेवला आहे: पोट. पोटखाते, पोटकलम, पोटहिस्सा. जे दुसऱ्याच्या पोटात आहे ते त्याच्या आत लिहावे, एवढा सरळ विचार त्यात आहे.

तोच शब्द सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून भेटतो: सर्व्हे नंबरात मोजलेली, पण लागवडीस अयोग्य म्हणून आकारणीबाहेर ठेवलेली जमीन. आमच्यातील इंदापूरकरांना येथे आपल्या तालुक्याचा इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही, आणि तो येथे प्रस्तुतही आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये जमीन महसुलाची एक पद्धत बसवली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावयाचे, त्याचे ५५ टक्के सरकारचे. अर्थशास्त्राच्या पुस्तकातून आलेले हे सूत्र अत्यंत सुबक होते, कोष्टके देखणी होती. प्रत्यक्षात आकारणी रयतेला झेपेना, मोजणी आणि वर्गवारीही सदोष निघाली आणि शेते पडीक राहू लागली. १८३५ साली गोल्डस्मिड यांनी इंदापूरपासून फेरतपासणी सुरू केली, विंगेट त्यांना येऊन मिळाले, आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी नवे दर लागू झाले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे सूत्र बाजूला ठेवले. तालुक्याने आजवर खरोखर किती दिले ते पाहिले आणि मातीचा पोत, खोली व दोष पाहून तो बोजा शेताशेतावर वाटला. पुढे मुंबई इलाख्याच्या सर्व्हेची पद्धत यातून वाढली. तीही सरकारी कोष्टकेच होती आणि तिचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. मुद्दा एवढाच, की सूत्राने बसवलेली शिस्त आणि जागेवर जाऊन पाहिलेली शिस्त यांतील फरक इंदापूरच्या मातीने एकदा महाग किंमत देऊन शिकवला आहे. एडिटर प्रिंगलसाहेबांच्या घराण्यातला आहे. शेत न पाहता तो रांगा आखतो, आणि त्याच्या लेखी प्रत्येक कोरी जागा पोटखराबा असते.

आमच्या दोन्ही तालुक्यांत उसाचे शेत पाहिलेल्या कोणालाही हे पटवून द्यावे लागणार नाही. सरी आणि वरंबा. वरून पाहणाऱ्याला ऊस दिसतो आणि मधली सरी रिकामी वाटते. पाणी सरीतून जाते. सऱ्या बुजवून रान एकसारखे करा. ते नीटनेटके दिसेल, आणि वाळेल.

आता दोष कोणाचा ते सांगणे भाग आहे. एडिटर लिहिणाऱ्यांना आम्ही फारसा दोष देत नाही, कारण त्यांच्यातील जुन्या जाणत्यांनी हा विवेक पाळला आहे. ईमॅक्स या एडिटरात पायथन लिहिताना टॅब पुन्हा पुन्हा दाबला, तर तो संभाव्य जागा एकामागून एक दाखवतो, निवड लेखकाची. मेकफाइल जतन करताना संशयास्पद ओळ दिसली, तर हे असेच ठेवावयाचे का असे विचारतो. व्हिम मेकफाइल ओळखतो आणि तिच्यातील टॅबच्या जागी अंतरे टाकत नाही. म्हणजे यंत्राला विचारण्याची रीत शिकवता येते. आपल्या जुन्या लेखनिकांनाही ती माहीत होती. पोथीच्या शेवटी ते लिहीत, की जसे पुढे दिसले तसे उतरले, चुकले असेल तर मला दोष देऊ नये. एका कळीने शंभर फाइली सरळ करणारा आजचा सेवक एवढीही नम्रता दाखवत नाही. काय बदलले हे सांगतही नाही.

दोष आमचा आहे, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांचा. कविता फळ्यावर उतरवताना ओळ जागा पुरत नाही म्हणून आम्ही मोडतो आणि मोडली हे सांगत नाही. पाठ्यपुस्तकात दोन स्तंभांत कोंबलेली कविता बिनतक्रार शिकवतो. प्रश्नपत्रिकेत चार ओळी सलग गद्यासारख्या देऊन 'रसग्रहण करा' म्हणतो. वेबपानावर सलग आलेली अंतरे सामान्यतः एकच होऊन दिसतात, हे माहीत असूनही कविता तेथे तशीच चिकटवतो. वर्षानुवर्षे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवले, की कवितेत शब्द तेवढे पाहावयाचे. त्या विद्यार्थ्यांपैकीच कोणी पुढे संगणकाकडे वळला आणि त्याने ओळीच्या आधीची अंतरे निरर्थक मानली, तर त्याने आमचाच धडा गिरवला. मेकने निदान दुभाजक हरवला म्हणून आरोळी ठोकली. आम्ही व्याख्यान दिले.

म्हणून आमची मागणी थोडकी आहे. ज्या मजकुराची घडण त्याच्या आत आहे त्याला यंत्राने हवे तसे लावावे. ज्याची घडण कोऱ्या जागेवर आहे, मग तो मेकफाइल असो, पायथन असो वा कविता, त्याला लेखकाच्या अनुमतीवाचून हात लावू नये. आणि हा भेद ओळखणे हे साहित्याच्या वर्गातले काम आहे. पुढल्या सत्रापासून आम्ही एक रीत ठरवली आहे. मुक्तच्छंदातील कविता शिकवण्यापूर्वी छापील संग्रहातील पान आणि आपल्या हातातील प्रत शेजारी ठेवून, शब्दांआधी अंतरे ताडून पाहावयाची. ती कविता आम्ही पुन्हा छापली आहे. सपाटपणावरचे ते व्याख्यान ज्यांनी उतरवून घेतले असेल त्यांनी वहीतील ती पाने खोडू नयेत. वर तारीख घालून ठेवावीत. आमच्या वाचनाचा तो पोटखराबा आहे, आणि उताऱ्यावर त्याची नोंद असलेली बरी.